दोनदा उचललेलं वचन

"क्रिएटिनिन नऊच्या वर आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साठणारा कचरा. धड किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. मी एवढंच विचारलं, जूनमध्ये नंदुरबारला जाता येईल ना? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आठवड्यातून दोनदा डायलिसिसला इथं यायचं. आता कायमचं."

नंदुरबारच्या मिशन वसतिगृहात मुलींना शिकवायचं, हे मी बाविसाव्या वर्षीच ठरवलं होतं. पण लग्न झालं, अलिबागच्या शाळेत नोकरी लागली, पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ओढ मात्र तशीच राहिली. यंदा निवृत्त झाले आणि ट्रंकेत पुस्तकं भरली. वसतिगृहाला फक्त फिटनेसचा दाखला हवा होता. त्यासाठी रक्त दिलं, आणि हे निघालं.

आता कबुली देते, म्हणजे तुम्ही तरी असं करणार नाही. माझे पाय जानेवारीपासून सुजत होते, चपलेचा पट्टा रुतत होता. आमचे हे, शांतवन, रोज म्हणायचे, एकदा दाखवून ये. मी ऐकेन तर शपथ. कारण मला वचन मिळालं होतं.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नव्या वर्षाच्या उपासनेनंतर ताटलीतून प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची असते. तिच्यावरचं बायबलचं वचन वर्षभर आपलं. मला आलं स्वस्थ राहून वाट पाहण्याचं. छत्तीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईला हे द्यायचं? मी चिठ्ठी हळूच परत टाकली आणि दुसरी उचलली. तीत प्रवासात पावलं सांभाळण्याचं वचन होतं. मग सूज आली तरी डॉक्टर कशाला? सोयीचं तेवढं देवाचं, बाकीचं ताटलीत.

हातात फिस्टुला केला, म्हणजे सुई टोचता यावी म्हणून धमनी आणि शीर जोडून जाड नस तयार केली. ती भरेपर्यंत मानेतल्या नळीवर भागवलं. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहताना मी देवाशी भांडायचे. तूच बोलावतोस आणि तूच दार लावतोस, ही कुठली रीत?

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा चिठ्ठीचं सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "चिठ्ठी बदलली म्हणून किडनी गेली नाही, बाई. पण पहिलीही देवानंच दिली होती."

जूनमध्ये वसतिगृहाला दुसऱ्या शिक्षिका मिळाल्या. शांतवननी माझी पुस्तकं पार्सलनं तिकडं पाठवली. त्या दिवशी मी पोटभर रडले. ओढ अजूनही आहे. नाही म्हटलं तर ते खोटं ठरेल. सुई टोचण्याआधी मी डोळे मिटून प्रार्थना करते, आणि दर वेळी एकच मागते. एकदा तरी नंदुरबारला ने.

मागच्या गुरुवारी शेजारच्या खाटेवर थळची एक कोळीण आली, हिराबाई. तिची पहिलीच वेळ. नवरा समुद्रावर गेलाय म्हणून एकटीच आलेय, म्हणाली. माझे मिटलेले डोळे बघून ती म्हणाली, "बाय, तुज्या देवाला माजा पन नाव सांग."

मी तिचा हात धरला. तिचं नाव सांगितलं, समुद्रावर गेलेल्या तिच्या नवऱ्याचं सांगितलं, तिची भीती सांगितली. सुई गेली तरी मी बोलतच होते.

घरी परतताना रिक्षात आठवलं, आज नंदुरबारचं मागायचं राहूनच गेलं. मी तिथंच डोळे मिटले आणि शेजारच्या त्या खाटेबद्दल देवाचे आभार मानले.