मेश्रामकाकूंचं हिमोग्लोबिन

आठ पॉइंट सहा. रिपोर्ट पाहिला आणि मी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांपूर्वी आठ पॉइंट चार होतं. दोन महिने गोळ्या, दोन महिने माझा चार्ट, आणि वाढलं किती? पॉइंट दोन. समोर मेश्रामकाकू गुडघा दाबत बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी रायपूरला समता कॉलनीतल्या एका क्लिनिकमध्ये डाएटिशियन आहे. माहेर नागपूर, सासर रायपूर, अठरा वर्षांपासून हेच काम. काकू रेल्वेतून रिटायर झालेल्या, टीसी होत्या. अर्धं आयुष्य चालत्या गाडीत या डब्यातून त्या डब्यात जाण्यात गेलं, आणि आता बूढापारा मोहल्ल्यातल्या घरून शंभर पावलांवरच्या तलावापर्यंत जाता येईना. तिथं रोज संध्याकाळी त्यांच्या मैत्रिणींचा अड्डा भरतो. सहा महिने झाले, तो काकूंशिवाय भरत होता. त्यांना गुडघ्यापेक्षा हेच जास्त दुखत होतं. गुडघा बदलायचं ठरलं, पण सर्जनने सांगून ठेवलं होतं, हिमोग्लोबिन दहाच्या वर आणा, मग ऑपरेशनची तारीख. ऑपरेशन दोनदा पुढं ढकलून झालं होतं.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात प्राणवायू वाहून नेणारा हमाल. त्याला लोह लागतं. लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली होती. पण लोह पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नसतं. आतड्यातून आत शिरायला त्याला व्हिटॅमिन सीची सोबत असली की बरं पडतं. हेच व्हिटॅमिन हिरड्या धड ठेवतं आणि जखम भरायलाही लागतं, म्हणजे ऑपरेशननंतरही काकूंना त्याची गरज पडणारच होती. शिवाय शरीर त्याचा फार साठा करत नाही, रोजच्या रोज खावं लागतं. म्हणून मी चार्टवर ठळक अक्षरांत लिहून दिलं होतं, सकाळी आवळ्याचा रस, त्यावर लोहाची गोळी.

रक्त कुठून जातंय का वगैरे डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. काही निघालं नाही. मग ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ये चार्ट फॉलो ही नहीं कर रहीं."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. पेशंटच्या थापा ऐकून ऐकून माझे कान किटलेत. शिवाय माझा स्वभाव जरा तापट. मी सरळ विचारलं, काकू, रस घेता की नाही, खरं काय ते सांगा.

काकूंनी चष्मा काढला. "मॅडम, विनातिकीटवाल्यांचे बहाणे ऐकण्यात माही नोकरी गेली. आता तुम्ही मलेच विनातिकीट धरून राहिल्या? उद्या सकाळी सातले घरी या. डोळ्यानं पाहा."

आणि लंगडत निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. पण चोरी पकडायची खुमखुमीही होतीच, म्हणून दुसऱ्या दिवशी सातला स्कूटर काढली.

काकूंच्या फ्रिजवर माझा चार्ट चिकटवलेला होता. स्वयंपाक करणारी सुखमती आतून तांब्याचा लोटा घेऊन आली. रिटायरमेंटला स्टाफने दिलेला, काकूंचा भारी लाडका. त्यातला रस तिनं ग्लासात ओतला. काकूंनी एका दमात संपवला, तोंड वाकडं केलं, वरून गोळी गिळली. चोरी कुठंच नाही. मी खजील होऊन बसले. तेवढ्यात काकू पोट धरून म्हणाल्या की रोज असंच मळमळतं, आणि सुखमतीनं न सांगता चहा आणून पुढं ठेवला. चहानं त्यांना बरं वाटायचं म्हणे.

माझे कान टवकारले. रस केव्हा काढता?

"रात के निकाल देथौं दीदी, लोटा म रख देथौं," सुखमती तिच्या छत्तीसगढीत म्हणाली. म्हणजे रात्रीच काढून लोट्यात ठेवायची.

मी लोट्यात डोकावले. रस जिथवर होता तिथवर आतून लख्ख, वर काळपट. आपण तांब्याची भांडी लिंबा-चिंचेनं घासतो ना? तसा काकूंचा आवळा रात्रभर लोटा घासत होता. तांब्याच्या संगतीत व्हिटॅमिन सी नासून जातं. वरून आंबटामुळं तांबं रसात उतरतं, म्हणून मळमळ. मळमळीवर चहा. आणि चहा लोहाला धरून ठेवतो, आत जाऊ देत नाही. बिचारी गोळी करणार काय?

"काकू, तांब्यात आंबट काहून ठेवता?"

"तांबं चांगलं, आवळा चांगला. म्हटलं दोन्ही एकातच होऊन जाईल. तुम्ही नाही म्हणून लिवलं होतं का?"

त्या उठल्या, फ्रिजपाशी गेल्या आणि माझा चार्ट मोठ्यानं वाचू लागल्या. "आवळ्याचा रस. ताजा की शिळा, लिवलं नाही. भांडं, लिवलं नाही. चहा दोन कप. टाइम नाही. असं तिकीट मी पास केलं नसतं, मॅडम."

"चुकलं माझं, काकू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग आम्ही तिघींनी बसून नवं ठरवलं. लोट्यात फक्त पाणी. रस सकाळी ताजा काढायचा, काचेच्या ग्लासात. गोळीच्या आधी-नंतर दोन तास चहा बंद. लिंबू पिळायचं ते वरणाखालचा गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेनं हे व्हिटॅमिन कमी होतं. सुखमती स्वतःसाठी कच्चे टमाटे, हिरवी मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाटून पताल चटणी करायची. घरातलं सगळ्यात चांगलं औषध तिच्याच ताटात होतं. मी ती दोघींना लावून दिली. दुपारी एक बिही, म्हणजे आपला पेरू.

"नागपूरची पोट्टी अन् संत्रा नाही सांगत?"

"पेरूत संत्र्यापेक्षा जास्त असतं, काकू. माझ्या माहेरी सांगू नका."

मळमळ आठवड्यात थांबली. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, दहा पॉइंट सात. काम लोहाच्या गोळीचंच होतं, आम्ही फक्त तिची वाट मोकळी केली. तारीख मिळाली, ऑपरेशन झालं, जखमही छान भरली.

परवा काकू काठी टेकत, पण कोणाचा हात न धरता क्लिनिकमध्ये आल्या. काल तलावावर जाऊन आल्या होत्या. "अड्ड्यातली माही जागा त्या मिश्राइननं बळकावली होती," म्हणाल्या, "उठवली तिले." मग माझा नवा चार्ट मागितला. भांडं, वेळ, ताजं-शिळं, सगळं लिहिलेला. शेवटपर्यंत वाचला, माझाच पेन उचलला आणि टीसी तिकिटावर मारतात तशी एक लांब तिरपी रेघ ओढली.

"जा पोरी. आता चालते."

पेशंटला खोटं ठरवण्याआधी आपला चार्ट वाचावा, एवढंच मी शिकले. आता सगळ्यांना मी त्याच चार्टची झेरॉक्स देते, रेघेसकट.