वहिनींनी मला झाड केलं

आमच्या थोरल्या वहिनींसारखी गोष्टीवेडी बाई कृष्णा-वारणेच्या साऱ्या मुलखात दुसरी झाली नसेल. आणि गंमत अशी, की त्यांना गोष्ट सांगता म्हणून येत नसे. ती त्यांना करावी लागे. दुपारची भांडी आवरली की त्या घरातली तीन-चार पोरं पुढच्या सोप्यात गोळा करत. सगळ्यांत थोरलं पाच वर्षांचं, आणि धाकटी माझी सुमन, साडेतीन वर्षांची. मग सतरंजीची नदी होई, परातीची होडी होई, आणि घोंगडं पांघरून वहिनी स्वतः वाघ होत. वाघाची डरकाळी अशी, की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राही. गोष्ट चालू असताना आत येणाऱ्याला तिच्यात सामील व्हावंच लागे. एकदा टपालवाला उंबऱ्यात आला, तर घोंगड्यातूनच त्या म्हणाल्या, "दमानं या, नदीला पूर हाय." त्या भल्या माणसानं वहाणा हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि सतरंजी ओलांडून पत्र दिलं.

वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे दादा, मुळात अबोल. उसाला पाणी पाजून आले की पोरं त्यांना डोंगर करत. डोंगराला आडवं पडायची मुभा असल्यानं त्यांची तक्रार नव्हती. एकदा डोंगर घोरू लागला, तेव्हा वहिनींनी पोरांना शांतपणे समजावलं, की आत गुहेत राक्षस निजलाय. माझी आई मात्र राणीखेरीज काही व्हायला तयार नसे. "राणी करत असशील तर बसते, न्हाईतर मला शेंगा फोडायच्यात," असं ती बजावी, आणि मग राणीपदी बसून शेंगाच फोडी.

सुमन जन्मली तेव्हा मी पलटणीबरोबर परमुलखात होतो. लढाई संपून घरी आलो, तर मला बघताच ती तिच्या आईच्या मागं लपली. खाऊ दिला, तो घेईना. रबरी चेंडू दिला, तो तिनं दुसऱ्या पोराला देऊन टाकला. आठव्या दिवशी ती आईला विचारताना मी ऐकलं, "ह्यो मिशावाला कवा जाणार गं?" बायको माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं. एका आवाजात तीस शिपाई उभे करणारा हवालदार मी. त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठून गोठ्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमाला एक झाड कमी पडतंय."

"मला न्हाई जमायचं, वहिनी."

"झाडाला काय जमवायचं असतंय? हात वर करून उभं ऱ्हायचं. पर बोलायचं न्हाई. तुमच्या आवाजाला भ्यालीया ती."

मी उभा राहिलो. सुमन खार झाली होती. वाघ आला, तशी बाकीची पोरं पळून डोंगरावर, म्हणजे दादांच्या पाठीवर चढली. सुमनला जागा उरली नाही. ती मधोमध थांबून एकदा वाघाकडं बघे, एकदा माझ्याकडं. वाघानं तीनदा डरकाळी फोडली, गुडघे धरत दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या, पण झडप काही घालेना. माझे खांदे भरून आले होते. शेवटी सुमन धावत आली आणि माझ्या पायाला मिठी मारून हळूच म्हणाली, "मला वर घे."

झाडानं काय करावं ते मला कळेना. तेव्हा घोंगड्यातून वहिनी पुटपुटल्या, "फांदी खाली करा की."

मी तिला उचललं. गोष्ट संपली, वाघानं घोंगड्याची घडी घातली, तरी ती खाली उतरली नाही.

पुढं महिना-दीड महिना मी तिचं झाडच होतो. "झाडा, जेवाय चल," म्हणून ती मला हाक मारी, आणि शेजारीपाजारी हसत. मग एका सकाळी, काही कारण नसताना, ती दारातून मला "आबा" म्हणाली. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"गेलं म्हणायचं आमचं झाड," त्या म्हणाल्या. "आता नवं बघाय पायजे."

मी अजून आहे, हवा तेव्हा उभा राहीन, असं त्यांना सांगावंसं वाटलं होतं. पण सुमन बोट धरून ओढत होती, आणि मी तिच्यामागं गेलो.