तीन चुका पुरेत

सकाळी ऑफिसच्या लिफ्टवर वॉचमनने कागद चिकटवला होता : ‘लिफ्ट बंद. जिना डावीकडे.’ मोटर जळली की दोर अडकला, हे त्याने लिहिलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. सगळे डावीकडे वळले.

जिना चढताना मला रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली आमची लायब्ररी आठवली. ती डिस्कवरची माहिती वाचून इतर प्रोग्रामना देते. वाचता आली नाही, तर चूक कळवते. आजवर आमच्यातल्या ज्याने त्याने आपल्या भागातल्या चुकीला वेगळं नाव दिलं. आता वापरणारा नावांच्या त्या गर्दीला कंटाळतो, चूक होणारच नाही असं धरून चालतो आणि त्याचा प्रोग्राम भर कामात कोसळतो. आपल्याकडे चूक कशी झाली याचं कीर्तन लांबतं. समोरचा मात्र ‘आता मी काय करू?’ म्हणत उभा असतो.

मी तीनच चुका ठेवल्या : पुन्हा प्रयत्न करा, मागणी सुधारा, थांबा. बाकीचा तपशील लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत.

माझा सहकारी सुहास हादरला. “मॅडम, जुन्या नावांवर लिहिलेला सगळ्यांचा कोड मोडेल! लोक शिव्या घालतील.”

“घालू देत. एकदाच मोडेल, आणि कुठे मोडला ते कोड चालण्याआधीच तपासणारा कंपायलर दाखवेल. आज मोडतो तो न सांगता.”

“आणि वरून विचारलं तर?”

मी बदल पाठवून दिला. खाली माझं नाव लिहिलं, आणि तक्रारी कोणाकडे करायच्या, तिथेही माझंच.