पाठ फिरवून दिलेला ठोंब

लग्नानंतर नवऱ्याबरोबर मुंबईकडे निघाले, बैलगाडी दारात उभी राहिली तेव्हा आई मला परसात घेऊन गेली आणि गवती चहाच्या वाफ्याकडे पाठ करून उभी राहिली. "उपट तुला हवा तेवढा. माझं लक्ष नाही हो," म्हणाली. मागून नेलेलं रोप लागत नाही, चोरून नेलेलंच लागतं, अशी आमच्याकडे समजूत. मी एक ठोंब उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळला. बंदरापर्यंत मांडीवर, बोटीतही मांडीवर. आई वळली नाही. रीत पाळत होती की रडत होती, मला कळलं नाही.

डोंबिवलीत चाळीतली शेवटची खोली मिळाली. मोरीचं पाणी बाहेर पडायचं तिथे ठोंब लावला. गवती चहाला लाड नकोत. पाती ओढून न काढता चार बोटं वर कापली की पुन्हा फुटतो. जागा मानवली नाही ती मलाच. दूधवाला काय, नळावरच्या बायका काय, कुणावर विश्वास बसेना. बोलायचा धीर नव्हता, म्हणून खिडकीतून बघत राहायची.

मग पाती कमी दिसू लागली. माझा संशय शेजारच्या सरूबाईवर. ती साताऱ्याकडची, मोठ्या आवाजाची. तिचा चहा उकळला की मी दोन खोल्यांमधल्या फळ्यांना वास घ्यायला नाक लावायची. एकदा साखर मागायला आली तेव्हा तिच्या बोटांवर बारीक चिरा दिसल्या. त्या पातीची धार अशीच कापते. माझ्याही बोटांवर होत्या, पण झाड माझं होतं. ह्यांना सांगितलं तर हसले. "गवतावर पहारा? मेंढरं शिरलीत का चाळीत?"

पुढे सरूबाईच्या नवऱ्याला आंबिवलीला काम लागलं. सामान हातगाडीवर चढत होतं आणि ती मोरीमागे गेली. आता धरतेच हिला, म्हणून मीही गेले. ती ठोंबापाशी नुसती उभी होती.

"पाती नेत हुते, वैनी. तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. पर मुळाला कधी हात न्हाई लावला. आज न्यावंसं वाटतंय. मागावं तर लागायचं न्हाई, आन् चोरावं तर तुमी हितंच!"

तिच्याकडेही हीच रीत!

मी भिंतीकडे तोंड केलं. "माझं लक्ष नाही हो," म्हटलं, आणि आवाज थेट आईचा निघाला. मागे मुळं तुटली. पाठ करून उभं राहणाऱ्याला सगळं ऐकू येतं, हे तेव्हा कळलं. एकदा तुटली, मग पुन्हा. दोन ठोंब कशाला लागतात हिला? तरी वळले नाही. डोळे पुसायचे होते.

आई आता नाही. परसात भावाने गोठा वाढवला, वाफा गेला. आईच्या घरचं म्हणून जे काही उरलं, ते आता इथे मोरीमागे आहे, नाहीतर आंबिवलीला.

सरूबाईच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलंय. त्या बाईने अजून काही मागितलेलं नाही. तिच्या बोटांकडे माझं लक्ष असतं.