काडतुसांच्या खोलीचं दार

चंद्रव्वा भित्री होती. तिच्या माघारी सगळे हेच म्हणत आणि तोंडावर तर ती स्वतःच सांगे. नवरा गेल्यावर लेकीला, गुरम्माला, कडेवर घेऊन ती मैंदर्गीहून सोलापुरात आली. होटगीच्या वाटेवर माळावर एका विलायती कंपनीचा काडतुसांचा कारखाना होता. शिकारीच्या आणि पिकं राखायच्या बंदुकांची काडतुसं तिथं बायका भरत. दारू भरायच्या खोलीच्या दारात बसून एकेकीची झडती घ्यायला साहेबानं चंद्रव्वाला ठेवलं ते तिच्या भित्रेपणावर खूश होऊनच.

जोडवी काढा, अंबाड्यातले आकडे काढा, चपला बाहेर, अंगावर सुती लुगडंच हवं, दुसऱ्या कापडाच्या घासण्यानं ठिणगी पडते. मग दारालगतच्या तांब्याच्या पत्र्यावर तळवा टेकायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. बायकांना वीजबीज काय कळणार? त्यांनी पत्र्याला सरळ हळदीकुंकू लावलं. पत्र्याला टेकलेला हात कपाळाला लावूनच त्या आत जात. साहेब हसला, पण पत्रा रोज घासून घेऊ लागला.

एवढं करूनही एकदा मल्लव्वाच्या डोक्यातला आकडा भरल्या काडतुसाच्या, ठोक्यानं पेटणाऱ्या टोपीवर पडला आणि तिची बोटं गेली. ती किंकाळी चंद्रव्वाच्या कानातून कधी गेली नाही. तेव्हापासून ती प्रत्येकीचा अंबाडा दोनदा चाचपू लागली. बायका वैतागायच्या. वैतागू देत.

मग पंच्याहत्तर साल आलं. परक्या कंपन्यांनी मोठा हिस्सा इथल्या माणसांना विकायचा, असा कायदा आला होता. साहेब लोकांनी हिस्सा ठेवलाच नाही, सगळंच विकून चालते झाले. शिकारीवर बंदी आल्यानं मागणीही आटली होती. कारखाना चालणार की टाळं लागणार, या घोरानं बायकांना घास गोड लागेना. गुरम्मा नुकतीच भरणीला लागली होती, त्यामुळं चंद्रव्वाचा जीव दुप्पट टांगणीला लागला.

गावातल्याच अण्णारावांनी कारखाना घेतला. माणूस दिलदार. पूजा घातली, पेढे वाटले आणि प्रत्येक बाईला नायलॉनची साडी दिली.

"आता कंपनी आपली हाय," ते म्हणाले. "उद्या पाव्हणे बघायला येनार. समद्याजणी नवं नेसून या."

आयुष्यभर सुती धुडूत वापरलेल्या बायका त्या! दुसऱ्या दिवशी दारापुढं गुलाबी, पोपटी, मोरपंखी रांग लागली. मोरपंखी साडीत गुरम्मा होती.

चंद्रव्वा उठून दारात उभी राहिली. रांगेमागं अण्णाराव पाहुण्यांना घेऊन उभे होते.

"मालक, ह्ये नेसून आत..." ती कशीबशी पुटपुटली.

"जाऊ द्या की, अव्वा. सायबाची भीती सायबासंगं गेली."

नोकरी जाईल या भीतीनं चंद्रव्वा बाजूला सरकली. दोघीजणी आत गेल्या. तिसरी गुरम्मा. उंबऱ्याशी तिनं पायांना चिकटलेल्या निऱ्या सोडवल्या, तशी चट् करून ठिणगी उडाली. काजव्याएवढी. बाकी कुणाला दिसलीही नसेल.

"ब्याडा, गुरम्मा! ब्याडा!" चंद्रव्वा कानडीत ओरडली, नको नको म्हणून. लेकीला तिनं दंडाला धरून मागं खेचलं आणि आत गेलेल्या दोघींना शिव्या घालून बाहेर बोलावलं. मग ती चक्क उंबऱ्यावर आडवी झाली. काही केल्या उठेना. पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

झालं काहीच नाही. हेच तर वाईट झालं! खोली शाबूत, बायका शाबूत, आणि चंद्रव्वा तेवढी वेडी ठरली. अण्णारावांनी तिला हात धरून उठवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "थकलात तुमी, अव्वा. आता घरी ऱ्हावा." दारात दुसरी बाई बसली. काय नेसायचं ते जिच्या तिच्या मर्जीवर आलं.

गुरम्माला काम सोडणं परवडणार नव्हतं, चूल आता तिच्यावरच होती. चंद्रव्वा रोज सकाळी तिला स्वतःच्या हातानं सुती लुगडं नेसवी, अंबाडा चाचपे. दुपारी माळावरून कसलाही आवाज आला की हातातलं टाकून अंगणात धावे. भोंगा व्हायच्या आधीच ती फाटकाशी उभी असे आणि लेक दिसली की आधी तिचे हात बघे, बोटं सगळी आहेत ना म्हणून.

एकदा गुरम्मा चिडली. "अव्वा, मी सुतीच नेसते की गं. अजून कशाला भितीस?"

चंद्रव्वानं तिची बोटं सोडली नाहीत.

"तू सुती नेसतीस, बाई," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी बसती ती काय नेसती?"

घरी पोचेस्तोवर गुरम्मानंही आईचा हात सोडला नाही.