अठरा पायऱ्यांवरची शकु

घाटकोपरच्या पंतनगरात, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या तीनमजली इमारतीत, तळमजल्यावर वनमालाबाई परब राहतात. त्यांच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, शकु राहायची. मध्ये अठरा पायऱ्या.

दोघी कोकणातल्या. वनमालाबाई कणकवलीकडच्या, शकु वेंगुर्ल्याची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन वनमालाबाई लालबागला आल्या, दोन वर्षांत गिरण्यांचा संप झाला आणि नवऱ्याची गिरणी गेली ती गेलीच. नवरा मग एका ऑफिसात शिपाई लागला आणि वनमालाबाई घाटकोपर स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात. तिथे चोवीस वर्षं त्यांनी उभ्याने पोळ्या लाटल्या. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली. मुलगा राजेश बायकोमुलांना घेऊन कळव्याला असतो. केंद्रातलं काम सुटलं तेव्हा वनमालाबाईंनी सोबत आणले ते दोन दुखरे गुडघे. उजवा जास्त वाईट. उठताना त्यातून कट्‌कन असा आवाज यायचा, की शेजारच्या खोलीतल्याला कळावं बाई उठल्या.

शकुही विधवा, एकुलत्या एका मुलीबरोबर राहणारी. मुलगी श्रुतिका अंधेरीला नोकरीला, सकाळी मेट्रोने जायची ती संध्याकाळी साडेसहाला परत. मधला अख्खा दिवस या दोघींचा. दुपारी चहा टाकला की शकु बत्त्याने फरशीवर दोनदा ठोकायची. खालून वनमालाबाई कपडे वाळत घालायच्या काठीने छताला उत्तर द्यायच्या. दोन ठोके म्हणजे येते. एक म्हणजे नाही. बारा वर्षं हे असं चाललं होतं. अलीकडे गुडघ्यांमुळे खालून एकाच ठोक्याचं उत्तर जास्त जायचं, आणि मग शकुच कपबशी सांभाळत उतरायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शकु उतरली ती चहाऐवजी चिठ्ठी घेऊन.

"तुझा नाव घातलंय," ती म्हणाली. "ट्रस्टच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीक. गुरुवारी साडेअकरा. गपचूप जा."

"तुला कोणी सांगितलं होतं गं?"

"सांगूक कशाक व्हया? दिसता मा. बदकासारखी चालतंस."

शेजारची बाई दारात होती, ती फिसकन हसली. वनमालाबाईंना ते फार लागलं. चिठ्ठी त्यांनी फ्रिजवर टाकली आणि शकु जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करून भांडी लावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी वरून ठोका आला. वेळ पक्की लक्षात आहे, कारण गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून त्या घड्याळाकडेच बघत पडल्या होत्या. आधी एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मग तीन लागोपाठ. वनमालाबाई मनात म्हणाल्या, आज हिला धीर नाही, कालचं गोड करायला बोलावतेय. बोलावू दे. ठोके येत राहिले, कधी घाईने, कधी सावकाश. दहा मिनिटं त्यांनी ऐकलं. मग काठी उचलली आणि छताला एकच ठोका दिला, चांगला जोरात. नाही.

वर सगळं थांबलं. आणि थोड्या वेळाने वरूनही एकच ठोका आला. अगदी हळू. नको तर नको, असंच त्या समजल्या, आणि कुशीवर वळल्या.

साडेसहाला श्रुतिकाची किंकाळी ऐकू आली. शकु स्वयंपाकघरात पडली होती. डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेलेली. उजव्या हाताशी बत्ता. सगळे म्हणाले, बिचारी चहासाठी आलं ठेचत होती. चौघांनी तिला चादरीत घालून खाली आणलं तेव्हा वनमालाबाई जिन्याच्या पायथ्याशी कठडा धरून उभ्या होत्या. शकुचे डोळे उघडे होते. ते कुणाकडे बघत होते, की कुणाकडेच बघत नव्हते, हे वनमालाबाईंना आजही सांगता येत नाही.

पाच दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. श्रुतिका हे वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. बाराव्याच्या दिवशी वनमालाबाईंना शेजारच्या दोघींनी हाताला धरून वर नेलं. तिथेही श्रुतिकाने ते सांगितलं, आणि त्यांच्याच गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, तुझे पाय धड असते ना, तर तू सहज डोकावली असतीस गं." वनमालाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ठोके सुरू झाले ते त्यानंतरच्या आठवड्यात. दुपारी, पाय वर घेऊन पडल्या की. पहिल्यांदा त्यांना वाटलं श्रुतिका घरी असेल. शेजारणीला वर पाठवून बघितलं, दाराला कुलूप. राजेशला फोन केला तर तो म्हणाला, "पाइप वाजत असेल गं आई, जुनी बिल्डिंग आहे." त्यांनी पलंग बाहेरच्या खोलीत ओढला. काठी जिन्याखाली ठेवून आल्या. टीव्ही मोठा केला. ठोके टीव्हीच्या आवाजाखालून यायचे. रोज नाही, पण यायचे. आणि शेवटचा तो हळू ठोका आला की त्या उठून बसायच्या. नको तर नको, असं ती म्हणाली होती, की तिला कळलं होतं की आता कोणी येत नाही?

मार्चच्या शेवटी फ्रिजवरून चिठ्ठी खाली पडली. तारीख कधीच उलटून गेली होती. तरी तीच चिठ्ठी घेऊन वनमालाबाई रिक्षाने दवाखान्यात गेल्या.

तिथली फिजिओथेरपिस्ट अस्मिता, मुलुंडची, तिशीतली, फटाफट बोलणारी. तिने गुडघे दाबून, वाकवून बघितले, एक्स-रे उजेडात धरला. "झीज आहे काकू, पण त्याहून वाईट म्हणजे मांडीचे स्नायू गेलेत. गुडघ्याला धरून ठेवतात ते हेच. चालणं, चढणं बंद केलंत, ते अजून सुकले. आता त्यांना परत उठवायचं."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात, रोज दोनदा घरी. मांडी घालून बसणं बंद, विळी बंद. हॉलमध्ये आणखी सात-आठ बायका असायच्या. कुणी सासूच्या तक्रारी सांगत पाय उचलायची, कुणी मोजताना मधले आकडे गाळायची. वनमालाबाई भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायच्या.

तिसऱ्या आठवड्यात अस्मिताने लाकडी पायरी पुढे ठेवली. एकच, सहा इंचांची. वनमालाबाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी इथे यायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीत, मला अठरा पायऱ्या चढता आल्या असत्या का?"

अस्मिता क्षणभर विचार करून म्हणाली, "हो. दुखलं असतं, दोनदा बसावं लागलं असतं. पण गेला असतात चढून. पाच मिनिटं लागली असती."

वनमालाबाईंनी मान डोलावली, पर्स उचलली आणि घरी गेल्या. त्यांना "नाही" ऐकायचं होतं. इतके दिवस सगळे म्हणत होते, तुझे गुडघे असे, तू काय करणार? आणि त्या गप्प राहून ते ऐकून घेत होत्या. आता तेवढाही आडोसा राहिला नाही.

आठवडाभर त्या गेल्या नाहीत. घरीच व्यायाम करत बसल्या. दहा सांगितले तिथे पन्नास, साठ. पाय थरथरेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुखलं की बरं वाटायचं. शेवटी अस्मिताचा फोन आला म्हणून गेल्या, तर उजवा गुडघा टम्म सुजलेला.

"काय केलंत हे?" ती ओरडलीच. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून आवाज उतरवला. बर्फाची पिशवी बांधता बांधता म्हणाली, "काकू, कुठे चढायचंय तुम्हाला?"

"वरच्या मजल्यावर. मैत्रीण राहते माझी."

राहते, असंच त्या म्हणाल्या. अस्मिताने पिशवीची गाठ पक्की केली. सूज उतरल्यावर तिने लाकडी पायरी पुन्हा आणली आणि शिकवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हात कठड्यावर. घाई नाही.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता वनमालाबाई एकट्या जिना चढल्या. डावा पाय वर, उजवा त्याच्याशेजारी. नवव्या पायरीवर थांबल्या, दम घेतला, पुन्हा निघाल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

दार उघडून श्रुतिका बघतच राहिली. "मावशी! तू चढलीस? एकटी?" तिने त्यांना मिठीच मारली. "आई असती ना, नाचली असती. थांब, चहा टाकते." ती स्वयंपाकघरात वळली. मागोमाग वनमालाबाई दारापर्यंत गेल्या. ओट्यावर बत्ता होता.

"श्रुतिका, चहा नको. मला काहीतरी सांगायचंय."

उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, बदक, ठोके, काठी. श्रुतिकाच्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच राहिलं.

"किती वाजले होते?" तिने विचारलं.

"तीन वीस."

"किती वेळ वाजवत होती?"

"दहा मिनिटं. मी नाही म्हटल्यावर थांबली."

श्रुतिकाने नळ बंद केला. मग म्हणाली, "खाली जा आता."

वनमालाबाई उतरल्या. दुखरा पाय आधी.

पुढचा दीड महिना श्रुतिका त्यांच्या दारावरून मान न वळवता जायची. वनमालाबाई दवाखान्यात जात राहिल्या. दुपारी ठोके आले की आता त्या पडून राहायच्या नाहीत, उठून जिना चढायच्या, कुलूप लावलेल्या दारासमोर उभ्या राहायच्या, आणि शकुसारख्या मालवणीत म्हणायच्या, "इलंय गो," आले गं. मग उतरायच्या. येणारेजाणारे म्हणायचे, वा वनमालाबाई, व्यायाम झकास चाललाय.

ऑगस्टमधल्या एका दुपारी श्रुतिका अर्धी रजा टाकून आली आणि थेट त्यांच्या घरात शिरली. बसली नाही.

"आईच्या त्या तीन तासांतलं माझ्याकडे काहीच नाही," ती म्हणाली. "असलं तर तुमच्याकडेच आहे. मी वर जाते. फोन चालू ठेवा."

ती वर गेली. थोड्या वेळाने छतावर ठोका पडला. फोनमधून तिचा आवाज आला, "असा?"

वनमालाबाईंनी छताकडे बघितलं. "नाही गं. हळू. इतका जोर नव्हता."

पुन्हा ठोका. "असा?"

"हो. आता थांब. थांब अजून. आता दुसरा."

अर्धा तास असं चाललं. कुठे घाई, कुठे खंड, त्या एकेक सांगत गेल्या आणि ती वाजवत गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "इथे मी काठी मारली." वर श्रुतिका थांबली. "मग तिने एकच दिला. अगदी हळू." तो ठोका श्रुतिकाने वाजवला नाही. तिने फोन बंद केला.

ती खाली आली तेव्हा डोळे सुजलेले होते. वनमालाबाईंनी जेवायला वाढलं. ती जेवली, ताट स्वतः घासलं.

त्यानंतर ती येत राहिली. महिन्यातून एखाद्या रविवारी. गुडघ्यांची चौकशी करते, औषधं आणून देते, एकदा दवाखान्यातही सोडायला आली. माफीचा विषय दोघींनी काढलेला नाही. 'मावशी' अजूनही म्हणते, पण पूर्वी 'तू' म्हणायची, ती आता 'तुम्ही' म्हणते. वनमालाबाईंनी तिला कधी टोकलेलं नाही.