आम्ही ज्यांना ‘डायरेक्ट’ म्हणायचो

ही गोष्ट सांगायचं मी बारा-तेरा वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर म्हणायचो, तो मुलगा अभ्यासच करत नव्हता. ते खोटं होतं.

आकुर्डीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होतो. तीन वर्षांचा डिप्लोमा करून जे थेट दुसऱ्या वर्षाला यायचे, त्यांना आम्ही ‘डायरेक्ट’ म्हणायचो. अर्जावर तो फक्त प्रवेशाचा प्रकार होता. स्टाफरूममध्ये मात्र ‘डायरेक्ट आहे’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागायचं नाही. गणित कच्चं, इंग्रजीत अडणार, फार अपेक्षा नको. हा वापर मी कुणाकडून उचलला ते आठवत नाही. नव्या प्राध्यापकांना तो मीच शिकवला.

तो मुलगा निघोज्याचा. डिप्लोमानंतर दोन वर्षं चाकणच्या एका कारखान्यात, पत्रा कापायच्या प्रेसवर डाय, म्हणजे साचे, बसवायचं काम करून आलेला. थोरल्या भावानं त्याला बजावलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तरी शिक्षण बंद, परत कामावर. काही विषय आधीच राहिले होते. आता तोंडी परीक्षाही गेली, तर वर्ष जाणार होतं. हे सगळं मला माहीत होतं.

तोंडीच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला.

“सर, उद्या बाहेरच्या सरांना मी डायरेक्ट हाय ते सांगू नका.”

मी वर न बघता बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. तो समोर बसला. त्याची फाइल चाळत त्यांनी मला विचारलं, हा कसा आहे?

“डायरेक्ट आहे,” मी म्हणालो.

सवयीनं तोंडातून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. सवय होती हे खरं. पण बोलायच्या आधी मला कालचं आठवलं होतं, हेही खरं.

“म्हणजे लिफ्टनं वर आले. जिना चढलेच नाहीत राव,” परीक्षक म्हणाले. मी हसलो.

विषय प्रेसच्या कामाचा होता. त्यांनी कागदावर पहिल्या वर्षाच्या गणितातलं एक उदाहरण टाकलं. त्यानं पेन उचललं, परत ठेवलं. मग परीक्षकांना सोडून माझ्याकडे बघितलं.

“सर, डाय कशी बसवत्यात ते इचारा की. समदं सांगतो.”

‘विचारून बघा’, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी यादीत पुढचा नंबर शोधू लागलो.

तोंडीत तो नापास झाला. निकालानंतर त्याचा भाऊ भेटायला आला. मी त्याला सांगितलं, मुलाचं लक्ष नव्हतं. भाऊ निघून गेला. मुलगा पुन्हा कॉलेजात दिसला नाही.

गेल्या वर्षी थेरगावच्या बाजारात तो भेटला. सोबत मुलगी होती. तिला म्हणाला, पाया पड, हे माझे सर. माझ्या हातातली भाजीची पिशवी त्यानं घेतली आणि रिक्षापर्यंत आणून दिली. वाटेत मी तिची शाळा विचारली, त्याची शिफ्ट विचारली. रिक्षा सुरू झाली. तेव्हा बोललो नाही, ते आता इथं लिहितो.

तुला सगळं येत होतं. तुझ्या भावाशी मी खोटं बोललो. माझं चुकलं, मला माफ कर.